मधल्या पैलवानाचं पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार. तुमच्या रविवारच्या पानावर डब्ल्यूडब्ल्यूएफ (टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) म्हणलं की अंडरटेकर नाहीतर रॉक, आमचा पैलवान चार्ल्स राईट कुठाय? 1992 ला तोंडाला कवटीसारखा रंग फासून पापा शँगो म्हणून आला, मग कामा झाला, 1998 ला टोपी घालून नाचत येणारा गॉडफादर, अन् 2000 मधे तर पांढरा शर्ट-टाय लावून एकदम सभ्य गुडफादर! परभणीत केबलवर बघताना हा एकच माणूस आहे हे मला कळलंच नव्हतं, दंडावरच्या गोंदणावरून भावानं ओळखला. 1999 ला इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट, म्हणजे तिथला दोन नंबरचा किताब, मिळाला, तोबी थोडेच दिवस. माळेगावच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीआधी फड तापवणारे असतेत ना, तसलं काम त्याचं. 2016 ला हॉल ऑफ फेममधे, म्हणजे तिथल्या नामवंतांच्या यादीत, घेतलं म्हणा.

— एक वाचक, परभणी