नाटकघरातला ऑर्गन, देवाच्या दारी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत चर्चसंगीतावरचा लेख वाचला. त्यात ऑर्गन हे मुळातच प्रार्थनेचे वाद्य असल्याचे म्हटले आहे. सांगलीच्या माणसाला हे पटणे कठीण. आम्हाला ऑर्गन कळला तो संगीत नाटकांतून. गंधर्व नाटक मंडळीत तिरखवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे, आणि त्यांच्या जोडीला ऑर्गनचा भरदार सूर. आपला तो ऑर्गन पितळी सुरांचा आणि पायाने भाता मारायचा, तर चर्चमधला नळ्यांचा, हे मान्य. पण नळ्यांचे ऑर्गनही सगळे चर्चसाठी जन्मलेले नाहीत.

इंग्लंडमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर बिअर नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये १९५०च्या दशकात जो ऑर्गन आला, तो मूळचा वॉल्सॉलच्या ‘पिक्चर हाउस’ या सिनेमागृहातला. अमेरिकेच्या वुर्लिट्झर कंपनीचा हा ऑर्गन १९२५मध्ये तिथे मूकपटांच्या साथीला वाजू लागला. ब्रिटनमध्ये आलेला हा पहिला वुर्लिट्झर. पुढे बोलपट आले आणि साथीचे मुख्य काम गेले. इंग्लंडात मध्यंतरातल्या कार्यक्रमांवर असे ऑर्गन बरीच वर्षे टिकले, मग सिनेमागृहेच बंद पडू लागली आणि वाद्ये मिळेल तिथे गेली.

अशा ऑर्गनचे मूळ ओळखता येते. चर्चच्या ऑर्गनमध्ये हवेचा दाब साधारण तीन इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतात, सिनेमागृहातल्यात दहा इंच किंवा त्याहून जास्त. नळ्या भिंतीआडच्या खोलीत, झडपांमागे बंदिस्त असतात. वादकासमोर नळ्यांचे निरनिराळे आवाज निवडायच्या रंगीत पट्ट्या घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेल्या असतात. ढोल, झांजा, पक्ष्यांची शीळ हेही त्याच वाद्यात. चर्चमध्ये आल्यावर हा सरंजाम पुष्कळदा काढून टाकत. तरी आतल्या भागांवर कारखान्याचा ओपस क्रमांक, म्हणजे त्या वाद्याचा अनुक्रमांक, सापडला, तर वाद्य पहिल्यांदा कोणत्या गावी, कोणत्या थिएटरला रवाना झाले ते कंपनीच्या यादीवरून कळते. वुर्लिट्झरने असे दोन हजारांहून अधिक ऑर्गन बनवले, म्हणून हा एक आकडा फार मोलाचा.

आणि आणखी मागे गेले तर माग पुन्हा चर्चपाशीच पोहोचतो! या जातीच्या ऑर्गनचा जनक रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्लंडमधला टेलिफोन इंजिनिअर. बर्कनहेडच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवी आणि तिथल्याच ऑर्गनवर त्याने विजेच्या जोडणीचे प्रयोग केले. १९०३मध्ये तो अमेरिकेला गेला, १९१०मध्ये वुर्लिट्झरकडे आला आणि चारच वर्षांनी वारला. म्हणजे लेखकाचे म्हणणे अगदीच चूक नाही, पण अर्धे आहे.

हे सारे लिहायला कारण घडले ते आमच्या गल्लीतल्या देवळातले. तिथे भजनाला एक जुना ऑर्गन वाजत असे. तो कुठल्याशा नाटक कंपनीचा, कंपनी मोडल्यावर देवाला दिलेला, असे वडीलधारे सांगत. कंपनीचे नाव विचारून ठेवावे हे मला सुचले, तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते. मागचा पत्रा उघडून पाहण्याआधीच एका पावसाळ्यात त्याचे लाकूड कुजले आणि तो भंगारात गेला. याची खंत मला आजही आहे.

वुर्लिट्झरसारखी यादी आपल्याकडे नाही. म्हणून वाचकांना विनंती करतो : आपल्या गावच्या देवळात, शाळेत, कुणाच्या माडीवर जुना ऑर्गन असेल तर त्यावरचे कारखान्याचे नाव आणि आत कोरलेला किंवा शिसपेन्सिलीने लिहिलेला आकडा टिपून घ्यावा, तो कुणाकडून आला हे घरातल्या वयस्कर माणसांना आजच विचारावे. संपादक महोदय, अशी माहिती छापायला आपण महिन्यातून एकदा चार ओळींची जागा दिलीत, तर पहिले पत्र मी पाठवतो. मिरजेच्या एका घरात असा एक ऑर्गन आहे, आणि घरातल्या आजी अजून सगळे सांगू शकतात.

आपला,
एक वाचक, सांगली