नवा पंप बसवण्याआधी बाटली धरा

महोदय,

गणपतीला मुंबईकर गावी येतात आणि पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी मारुती ८०० काही केल्या सुरू होत नाही. मग कोणीतरी थेट गाडीतला पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप, नवा बसवायला लावतो. देवगडात गाड्या दुरुस्त करताना हे दर वर्षी बघतो आणि जीव तुटतो.

ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढा, कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जाणाऱ्या पाइपचं तोंड काचेच्या बाटलीत धरा आणि स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोल जोरात, धक्क्याधक्क्याने आलं तर पंप ठणठणीत. पेट्रोलचाच दोष असेल तर तो पुढे, कार्ब्युरेटरमधल्या नीडल व्हॉल्व्हमध्ये (पेट्रोल आत सोडणारी झडप) किंवा जेटमध्ये (पेट्रोलचं बारीक छिद्र). नाही आलं तर आधी फिल्टर, मग टाकीपासूनचा रबरी पाइप बघा. त्याला बारीक चीर असली तरी पंप हवाच ओढतो, बाहेर मात्र थेंब गळेलच असं नाही. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेतली ओल शोषतं. हे सगळं उघड्यावर, गार इंजिनवर करा. आसपास विडी नको.

पेट्रोल पंपचालकांनीही पावसाळ्यात साठवण टाकीतलं पाणी ग्राहकासमोर तपासून दाखवावं, ही कळकळीची विनंती.

– एक मेकॅनिक, देवगड