भोपळ्याचं सांगायचं होतं

लष्कर, ग्वाल्हेर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळू,

स. न. वि. वि. झालं असं धरून चाल.

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले. हिने तुला सांगितलं की मी अचलेश्वराला गेलोय. नव्हतो गेलो. खाटेवर बसून वाजणाऱ्या फोनकडे बघत होतो. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्ये एकदा "हं" म्हणाला असतास, आणि तुझं ते "हं" मला या वयात झेपत नाही. म्हणून कागद.

तब्येत ठीक. साखर होती तिथेच आहे. हिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं झालं, दुसऱ्याचं संक्रांतीनंतर.

आता सांगतो. आपल्या गाण्याच्या बुवांचा तंबोरा माझ्या हातून पडला. भोपळा गेला.

(एवढं लिहून उठलो, चहा पिऊन आलो. तूही आत्ता पत्र खाली ठेवून अंगणात एक चक्कर मार. मग पुढचं वाच.)

शेजारची गुड्डी तुला आठवत असेल, तुझ्या सोवळ्यावर शाई सांडली होती तीच. ती आता संगीत कॉलेजात आहे. तानसेन समारोहाची पहिली संध्याकाळ कॉलेजच्या पोरांच्या ध्रुपदाने सुरू होते ना, यंदा त्या पोरांत तिची निवड झालीय. रोज संध्याकाळी गच्चीवर घोटत असते, आणि शेजारी मोबाईलमधला तंबोरा. तो मेला दमत नाही, उतरत नाही, पण ऐकवतही नाही. आठ दिवस सहन केलं. मग म्हटलं, "बेटा, यह तानपुरा नहीं है, डिब्बे में बंद मच्छर है। कल आ, असली सुनाता हूँ।" ही माझी फुशारकी. पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गवसणी काढली. तारा काळ्या पडल्या होत्या, चारही बदलल्या. खुंट्यांना खडू लावला. जवारीला, म्हणजे तार घोडीवर गुंजायला, दोरा हवा, तर हिच्या शिवणाच्या डब्यातले तीन दोरे फुकट गेले, शेवटी माझ्या जुन्या धोतराच्या काठातला एक धागा बसला. दोन तास गेले रे. मणी केसभर वर, केसभर खाली. आणि अचानक उघडला. खर्जाच्या तारेतून गंधार असा वर आला की मी हात काढून घेतला, तरी तो होताच. बुवांच्या माजघरातला गंधार. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू?

हिला बोलवायला उठलो, आणि तंबोरा खाटेला टेकवून उभा ठेवला.

हो, उभा. आपण पंधरा वर्षांचे असताना तू एकदा ठेवला होतास तसाच, आणि बुवांनी तुला पट्टीने नाही, शब्दांनी सोललं होतं. "वाद्य म्हणजे काय छत्री आहे?" तेव्हा मी हसलो होतो. ते हसू आता पन्नास वर्षांनी फिटलं.

मी दारात पोचेपर्यंत मागे घसरल्याचा आवाज. पडताना चारही तारा वाजल्या. सुरात वाजल्या, बाळू! मग उंबरठ्यावर टप्प असा एक आवाज, नारळ फुटावा तसा. तबलीच्या कडेपासून खाली वीतभर चीर गेलीय आणि तळहाताएवढा एक टवका आत पडलाय. हलवला की खुळखुळतो. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात, इथे बिनभ्रमाचा फुटला. गुड्डी तेवढ्यात आली, बघून रडवेली झाली आणि म्हणाली, "ताऊजी, फेविक्विक ले आऊँ?" मला हसूही येईना आणि रागही.

दांडी, घोडी, तबली सगळं शाबूत आहे. पण पेटी दुरुस्त करणाऱ्या एकाने बघितलं आणि म्हणाला, फायबरचा बसवून घ्या, हलका पडेल. दुसरा म्हणाला, नवाच घ्या. तिसऱ्याने विकता का असं विचारलं, भिंतीला टांगायला. त्याला चहा न देता घालवला.

तर बुवांच्या दोन तंबोऱ्यांची जोड फुटली. तुझं म्हणणं खरं करायला मला एकतीस वर्षं लागली. १९९४, बुवांचा तेरावा, माईंनी दोन्ही तंबोरे माजघरात आणून ठेवले आणि आपण दोघं गोडाचं जेवण पोटात असताना गल्लीत ऐकू जाईल असे भांडलो. तू म्हणालास, जोड फोडू नये, कुणातरी एकाकडे जाऊ द्या. मी म्हटलं, मग ग्वाल्हेरातच राहू द्या. तू म्हणालास, "बँकेतून येऊन तू वाजवणार कधी, लेजर लिहून झाल्यावर?" हे वाक्य मी तुला अजून माफ केलेलं नाही. ते बरोबर होतं म्हणून. माईंनी शेवटी एकेक वाटून दिला, जसे लहानपणी लाडू वाटायच्या, तंटा नको म्हणून. तू तुझा वरच्या बर्थवर निजवलास आणि स्वतः मिरजेपर्यंत बसून गेलास.

आणि आता खरं लिहायचं ते. दर पाडव्याला तू विचारतोस, "लावतोस ना?" आणि मी "रोज" म्हणतो. रोज नाही. रिटायर झाल्यावर दोन-तीन महिने लावला, मग हिचं आजारपण, मग आळस. अकरा वर्षं गवसणीत होता. दसऱ्याला वरून हळदकुंकू वाहायचो. म्हणजे देव केला की वाजवावा लागत नाही. पडला त्याचं दुःख आहेच, पण अकरा वर्षांनी ज्या दुपारी तो बोलला त्याच दुपारी पडला याचं जास्त आहे. रोज हातात असता तर हाताला आडवा ठेवायची सवय राहिली असती. रात्री जाग आली की हेच फिरत राहतं.

माईंना सांगितलेलं नाही. जीवाजीगंजात भाच्याकडे असतात, ब्याण्णव चालू आहे, एका कानाने ऐकू येतं आणि त्या कानाने सगळंच ऐकू येतं. परवा गेलो तर पहिला प्रश्न, "बाळू येतोय ना? जोड कधी लावता?" मी म्हटलं, आला की. तोंडात पेढा होता म्हणून चेहरा झाकला गेला. त्यांना आधी सांगावं, की दुरुस्त करून मग, की सांगूच नये? ही म्हणते, सांगूच नका, त्या वयात कशाला. मला वाटतं, एका तारेवर ओळखतील.

तू गेल्या वर्षी यायचा होतास, शंभरावा समारोह, १९२४ पासूनचा. गुडघ्याने घोटाळा केला. तुला तेव्हा लिहिलं नाही, पण फार काही चुकलं असं समजू नकोस. किल्ल्यावर पाचशेच्या वर वादक बसवून विक्रम केला. त्याच्या आदल्या वर्षी हजाराहून जास्त तबले एकदम. गिनीजवाले मोजायला. बुवा असते तर एवढंच विचारलं असतं, "लावले कुणी?" पण हजिऱ्याला, समारोहात, रात्री बाराला, धुक्यात, शाल डोक्यावरून घेऊन माणसं आलापाला बसलेली असतात तेव्हा माझी ही कुरकुर मलाच खोटी वाटते. गेल्या वर्षी शेजारी एक दूधवाला होता, सायकल बाहेर लावून आलेला. विलंबितात समेवर मान माझ्याआधी त्याची हलायची.

यंदाचं तुला ठरवता यावं म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी सकाळी तानसेनाच्या समाधीवर शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद आणि चादर. ही सकाळ चुकवू नकोस, गर्दी नसते, आणि शेजारच्या मोहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या जाळ्यांतून ऊन कबरीवर उतरतं तेव्हा गाणं नसलं तरी चालेल असं होतं. त्याच संध्याकाळी गुड्डीचं ध्रुपद, नंतर सन्मान आणि भाषणं. भाषणांच्या वेळी आपण बाहेर कचोरी खाऊ. मग रोज सकाळ-संध्याकाळ सभा. तुझ्या गुडघ्याला दोन्ही झेपणार नाहीत, संध्याकाळच्या धर. कानटोपी आण. इथली थंडी तू विसरलास, सांगलीकडे ज्याला थंडी म्हणतात त्यात आम्ही पंखा लावतो. समाधीजवळची चिंच अजून आहे. म्हणजे आपली नाही, नंतरची. पाला खाऊन आवाज गोड होतो यावर तू मध्यमाच्या परीक्षेआधी अर्धी फांदी संपवली होतीस. आवाज होता तसाच राहिला, पोट मात्र वरच्या सप्तकात गेलं.

आणि शेवटच्या दिवशी सकाळी बेहट, तानसेनाचं गाव. तिथलं वाकडं शिवमंदिर तानेने वाकलं की पाया खचून, यावर आपण झिलमिल नदीत पाय सोडून दोन तास भांडलो होतो. तू सायन्सचा, म्हणून पाया. मी अजून तानेच्याच बाजूचा आहे. त्याच दिवशी संध्याकाळी गुजरी महालात सांगता.

बेहटहून परतून माईंकडे जोड लावायची, असं आपलं ठरलं होतं. दोन तंबोऱ्यांच्या मध्ये माई. हेच डोळ्यांसमोर होतं, उन्हाळ्यापासून.

आता तुला कामाला लावतो. मिरजेला सतारमेकर गल्लीत जा. गेल्या वर्षी मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा तू कात्रण पाठवून खाली "आपल्याला हे आधीच ठाऊक होतं" असं लिहिलं होतंस ना, मग आता ठाऊक असल्याचा उपयोग कर. जे तुझ्या तंबोऱ्याची जवारी काढतात त्यांनाच विचार, चीर आतून सांधता येते का, टवका परत बसतो का. बसत असेल तर नवा भोपळा नको. मला कळतं, सांधलेला भोपळा सांधलेलाच राहणार. पण नवा घातला तर त्याला बुवांचा म्हणायचं कुठल्या तोंडाने? दांडी त्यांची, खुंट्या त्यांच्या, आणि ज्यात आवाज घुमतो तोच दुसऱ्याचा. हे मी हिला म्हटलं तर ही म्हणाली, "माझा डोळा नाही का बदलला, तुम्हाला मीच दिसते ना?" या बाईला कुठे काय बोलावं कळतं.

बुवा तुला आठवतात ना, मिरजेच्या माणसासमोर छाती काढून बोलायचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले, विद्या तिकडे नेली, आणि मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तयार झाले. "आम्ही गाणं दिलं, त्यांनी भोपळे दिले. हिशेब चुकता." आता तो हिशेब पुन्हा उघडावा लागणार.

डिसेंबरपर्यंत होणार नाही हे मलाही कळतं. पण पाठवायचा कसा? रेल्वेच्या पार्सलात मी तो सोडणार नाही. तू गोवा एक्सप्रेसने आलास की परतताना दोन्ही घेऊन जाशील का? एक बर्थ तुला, एक तंबोऱ्यांना, भाडं मी देतो. म्हणजे तुझी जोड एका घरी जाईल. बघ, अखेर तुझ्याच मनासारखं. गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परतली, आमचा भोपळाच माहेरी चाललाय. आणि दुरुस्त झाल्यावर परत पाठवायचा की नाही, ते तू ठरव. मी मागणार नाही. मागेनही. मला माहीत नाही.

गुड्डी रोज येते. तुटल्या तंबोऱ्यापाशीच बसून घोकते, फोन लांब ठेवून. मी तिला टवक्याच्या बाजूला बोट ठेवू देत नाही. तारा मी उतरवून ठेवल्यात.

चिरंजीवांच्या घराचे फोटो बघितले, छान, बाल्कनी मोठी आहे. वहिनी रिटायर झाल्या, त्यांना आमचे दोघांचे नमस्कार सांग, आता तरी थोडं बसू दे त्यांना. जिने चढतोस का आता? आणि तुझ्या त्या भाडेकरूचं काय झालं?

गजक आणून ठेवतो, तिळाची, दोन किलो. फोन कर, या वेळी उचलीन. पण "हं" म्हणू नकोस, सरळ शिव्या दे.

कारागीर घेर विचारतील म्हणून मोजून ठेवलाय. हिच्या शिवणाच्या टेपने, सर्वात फुगीर जागी, साडेएकावन्न इंच. चिरेपाशी थोडा पसरला असेल, म्हणून एक्कावन्नच धर. तुझ्याचाही मोजून कळव. वहिनींची टेप घे, सुताराची लोखंडी लावू नकोस, चरा पडेल. आणि मोजून झालं की आडवा ठेव.

तुझा,
दिगू