डाव्या हाताचा चाकू

छत्रपती संभाजीनगर,
दि. ८ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

या पत्रासोबत कापडात गुंडाळून जो चाकू पाठवीत आहे, तो कलमाचे डोळे, म्हणजे चांगल्या झाडाच्या कळ्या, दुसऱ्या रोपावर बांधण्याचा आहे आणि केवळ तुझ्या डाव्या हातासाठी घडवलेला आहे. खंडेनवमीला तुझ्या घरी अवजारांची पूजा मांडली होती. हळदकुंकू वाहिलेल्या विळ्या-खुरप्यांच्या ओळीत तुझा जुना चाकू होता. मुठीला सुतळीचे वेढे आणि पाते एकाच अंगाने झिजून निम्मे झालेले. झेंडूची फुले बाजूला सारून मी तो हातात घेतला, आणि मोसंबीची रोपवाटिका सुरू केल्यापासून तू कशाशी झुंजत आला आहेस, ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कलमचाकूंना धार एकाच बाजूने काढलेली असते. एक बाजू सपाट, दुसरीला उतार, आणि हा उतार उजव्या हाताच्या हिशेबाने दिलेला. तोच चाकू डाव्या हातात धरला की सपाट बाजू नको त्या अंगाला येते. पाते डोळकाडीत, म्हणजे ज्या फांदीवरून डोळा काढायचा तिच्यात, खोल शिरते किंवा अचानक वर निसटते. म्हणून तर तू मनगट मुरडून काप घ्यायला शिकलास. डोळ्यामागची ढाल, म्हणजे डोळ्यासोबत निघणारी सालीची चकती, पातळ आणि एकसारखी निघाली, तरच ती रंगपूर लिंबाच्या खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम करायचे त्या रोपाच्या, सालीखाली नीट बसते, हे तूच मला शिकवलेस. दिवसाकाठी शेकडो डोळे भरणाऱ्या माणसाने प्रत्येक कापाला मनगट मुरडावे, हे मला पाहवले नाही.

दिवाळीत मुलांच्या किल्ल्यासाठी आणलेली माती मळताना मी तुझ्या हातात एक गोळा देऊन तो घट्ट धरायला सांगितले होते, ते आठवते का? तुझ्या मुठीचा ठसा मला हवा होता. परंतु आपली काळी माती वाळताना आकसते आणि भेगाळते, याचा विचार मी केला नाही, आणि त्या ठशावरून कोरलेली पहिली मूठ अरुंद झाली. मग वहिनींना विश्वासात घेतले. मुलाच्या शाळेच्या कामासाठी म्हणून त्यांनी तुझा पंजा कागदावर आखून घेतला, तो याच कारणासाठी. त्यांच्यावर रागावू नकोस.

पात्यासाठी जुनी कानस घेतली. कानशीचे पोलाद भरपूर कार्बनचे असते, त्यामुळे बारीक धार धरून ठेवण्यात ते सरस; पण मूळच्या कडकपणात त्याला आकार देता येत नाही. म्हणून ती गोवऱ्यांच्या आरात लाल केली आणि रात्रभर राखेत पुरून ठेवली. सकाळी पोलाद इतके मऊ झाले होते की दुसऱ्या कानशीने ते सहज कापले जात होते. जुने दाते मात्र पुरते घासून काढावे लागतात, कारण एका दात्याची खाच जरी राहिली, तरी पाणी देताना, म्हणजे तापलेले पोलाद एकदम थंड करून कडक करताना, तिथून तडा जाण्याची भीती असते.

पाणी देण्याची वेळ आली तेव्हा माझी पहिली खेप वाया गेली. एकाच बाजूला उतार असलेले पाते दोन्ही अंगांनी सारखे थंड होत नाही, आणि मी तर उत्साहाच्या भरात धार आधीच कागदासारखी पातळ करून ठेवली होती. तेलात बुडवताच पाते वाकले, आणि सरळ करू गेलो तर टचकन मोडले. कानाला तो आवाज अजून आठवतो. दुसऱ्या वेळी धारेकडे रुपयाच्या नाण्याएवढी जाडी राखली, पाते लोहचुंबकाला चिकटेनासे होईपर्यंत आणि त्याहून किंचित अधिक तापवले आणि कोमट करडईच्या तेलात नाकासमोर सरळ सोडले. करडई वापरली ती घरात होती म्हणून, पण कामाला ती उत्तम उतरली. त्या क्षणी पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून २०० अंशांवर तासतासभर दोनदा शेकले, तेव्हा त्यावर फिकट गव्हाळ रंग चढला. उरलेली जाडी नंतर काढली, दर दोन-तीन घासांनंतर पाण्यात बुडवीत, कारण धारेवर निळा रंग दिसला की तिथला कडकपणा गेला असे समजावे.

मुठीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१२-१३ च्या दुष्काळात बागा उभ्या वाळल्या, टँकरचे पाणी पुरेना आणि अखेर अण्णांनी स्वतःच्या हातांनी झाडांना कुऱ्हाड लावली, तेव्हा त्यांतले एक खोड मी मागून आणले होते. या चाकूची मूठ त्याच मोसंबीची करावी, असे मनात होते. पण त्या वेळी खोडाची टोके मेण लावून बंद करायला हवी होती, ती मी केली नाहीत. करवत लावली तर गाभ्यापासून सालीपर्यंत चिरा. अशा लाकडाची मूठ ओल्या हातात फार दिवस टिकणार नाही. केवळ आठवणीसाठी कच्ची मूठ तुझ्या हातात देणे मला पटले नाही, म्हणून बांधावरच्या बाभळीचा पक्का गाभा वापरला. अंगठा टेकतो तिथे खोलगट केले आहे. मागच्या टोकाला पितळेची चपटी जीभ बसवली आहे, खुंटाची साल तिने अलगद उचल. पाते उलटे करण्याची गरज पडणार नाही.

वापरण्याविषयी थोडेसे. धार लावताना केवळ उताराची बाजू दगडावर घासावी आणि सपाट बाजू शेवटी एकदोनदा टेकवून धारेला आलेली बारीक कूस काढावी. तिला कधीही उतार देऊ नये. हे पोलाद गंजणारे आहे, तेव्हा काम संपल्यावर पुसून तेलाचा हात फिरव. पाते निर्जंतुक करण्यासाठी आचेवर मात्र धरू नकोस, धारेचे पाणी उतरेल. स्पिरिटचा बोळा पुरे.

आणि हा चाकू देव्हाऱ्यात ठेवू नकोस. या हंगामात पहिल्या शंभर डोळ्यांना तो वापर आणि मूठ कुठे रुतते, जीभ जाड वाटते का, ते मला कळव. संक्रांतीला येईन तेव्हा कानस सोबत आणीन. जिथे बोट दाखवशील तिथे तुझ्यासमोर बसून घासून देईन.

अण्णांना व काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जिवलग मित्र