तांब्याची तार ठेवू की काढू?

सांगली

प्रिय सुन्या,

फोनवर तू एका वाक्यात निकाल लावलास, "अजून एडीएसएल? काढून टाक ते." इतकं सोपं असतं तर तुला पत्र कशाला लिहीत बसलो असतो!

आमचं नेट अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतूनच येतं, तेच हे एडीएसएल. या तंत्राची कागदावरची कमाल २४ एमबीपीएस, पण एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग घसरतो. आमच्या वाट्याला आठ येतात. दादांच्या कीर्तनाला आणि माझ्या बातम्यांना आठ पुरून उरतात. रडगाणं आहे ते अपलोडचं. ते एक एमबीपीएसच्याही खाली. मुग्धा संध्याकाळी ऑनलाइन क्लास घेते, तेव्हा मुलं तिला नीट दिसतात, पण मुलांना ही अर्धवट तोंड उघडून थिजलेली दिसते. जाहिरातींत डाऊनलोडचा आकडा एवढा मोठा छापतात, अपलोडबद्दल मात्र चकार शब्द नाही. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे असतात. मला बदलायचंय ते तेवढ्यासाठी, चारशे चॅनेल आणि फुकटच्या सिनेमांसाठी नव्हे.

त्यात पावसाळा. तारेच्या जोडात पाणी शिरलं की फोनवर खरखर सुरू आणि मोडेमचा दिवा लुकलुकायला लागतो. फायबरला पाण्याचं हे दुखणं नाही. (फांद्यांचं आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या केबली खांबांवरूनच लोंबतात.)

घोडं अडलंय ते दादांच्या नंबरावर. मोबाइलचा नंबर २०११ पासून कंपनी बदलली तरी तोच राहतो, पण लँडलाइनला आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे केबलवाल्याचं फायबर घेतलं की नंबर गेला. दादांच्या पेन्शनर मंडळींना तोच पाठ आहे, आणि आत्या तर मोबाइलवर फोन करणं म्हणजे खर्चिक काम समजते, अजूनही!

आहे त्याच कंपनीचं फायबर घेतलं तर नंबर राहतो. पण मग फोन भिंतीवरच्या ओएनटीला, म्हणजे फायबरच्या मोडेमसारख्या डब्याला, जोडावा लागतो आणि त्याला घरची वीज लागते. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधूनच येते, त्यामुळे लाइट गेली तरी फोन वाजतो. हा मुद्दा दादांनी जेवताना इतक्यांदा मांडलाय की आता मलाही तो पटायला लागलाय. त्यावर उपाय म्हणजे बारा व्होल्टचा छोटा यूपीएस.

पैशांचं फार नाही. ६९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ८२५ ला पडतो. केबलवाला वर्षाचे एकदम भर म्हणून मागे लागलाय, इन्स्टॉलेशन फुकट म्हणतो. पहिला पाऊस बघितल्याशिवाय मी कुणाला वर्षाचे पैसे देणार नाही.

तेव्हा त्याच कंपनीचं फायबर, महिन्याच्या बिलावर, असं जवळजवळ ठरलंय. अर्जावर "नंबर तोच ठेवून" असं लिहून पोच घेणार. केबलवाल्याला अजून सांगितलेलं नाही, तो रोज चहाच्या टपरीवर भेटतो.

तुझ्याकडचा यूपीएस लाइट गेल्यावर खरंच किती वेळ चालतो ते कळव, डब्यावर छापलेलं नको. आणि जुनं कनेक्शन बंद केलंस तेव्हा डिपॉझिट आपोआप परत आलं, की खेटे घालावे लागले? वहिनींना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
विन्या