द्राक्षाच्या पानावरचा थेंब

दिंडोरी, जि. नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत श्वास घ्यायलाही सवड नसते, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझ्या लेकीचा प्रश्न मात्र रोज डोक्यात घोळत होता: ज्या इन्स्टंट गमने बोटं क्षणात चिकटली, त्याने तडकलेली बादली का चिकटू नये? प्रश्न फार चांगला आहे, तिला माझ्याकडून शाबासकी दे.

रेणू एकमेकांना ओढतातच, पण ती ओढ अगदी जवळ आल्यावरच लागू पडते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. आपल्याला गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचे असतात. एकमेकांवर ठेवले की शिखरंच तेवढी टेकतात, बाकी सगळी पोकळी. म्हणून मध्ये द्रव लागतो. तो दऱ्या भरतो आणि मग घट्ट होतो. सुताराच्या फेव्हिकॉलमधलं पाणी लाकूड शोषून घेतं आणि मागे प्लास्टिकचा थर राहतो. इन्स्टंट गमला त्वचेवरचा ओलावा मिळाला की त्याचे रेणू साखळ्या बांधत सुटतात, म्हणून बोटं पहिली चिकटतात. बादली बहुतेक पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकची असणार. त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन, धरायला काही नाहीच. तिच्यावर गम नीट पसरत नाही, आणि जे पसरत नाही ते धरतही नाही. तिच्यासाठी गम शोधत बसू नकोस. तडा गरम करून दोन्ही काठ एकमेकांत वितळवून घे.

आमचा सगळा धंदा या पसरण्यावर उभा आहे, हे तुला ठाऊक नसेल. सकाळी फवारणीआधी मी हाताच्या पंपाने एका पानावर साधं पाणी मारून बघतो. कोवळ्या पानावर थेंब मोत्यासारखा गोल उभा राहतो, पान जरा हललं की घरंगळून खाली. पानावर मेणाचा थर असतो आणि पाण्याचे रेणू पानापेक्षा एकमेकांनाच घट्ट धरून बसतात. थेंबाचा काठ पानाशी जो कोन करतो, त्यावरून तो किती पसरेल हे सांगता येतं. थॉमस यंगने ही गोष्ट 1805 मध्येच मांडून ठेवली होती. आता त्याच पाण्यात सिलिकॉन स्प्रेडरचे, म्हणजे पाणी पसरवणाऱ्या द्रवाचे, दोन-चार थेंब टाक आणि पुन्हा मार. गोल थेंब डोळ्यांदेखत चपटा होतो, त्याचा काठ पळत सुटतो आणि शिरांच्या खाचांत, पानाच्या कडेपर्यंत ओल जाते. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाची आक्रसून राहायची ओढ, मीटरला साधारण 72 मिलिन्यूटन असतो, स्प्रेडरने तो 22 च्या आसपास उतरतो. बस, एवढंच.

यावरून माझे शेजाऱ्यांशी वाद होतात. औषध लागू पडलं नाही की लोक डोस वाढवतात. मी म्हणतो, आधी ते पानाच्या खालच्या बाजूला पोचलं का ते बघा, डाउनी, म्हणजे केवडा रोग, तिथूनच आत शिरतो. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहत जाऊन पर्णरंध्राशी चिकटतात. म्हणजे ओल आपल्याला हवी तशी त्यालाही हवी. शिवाय स्प्रेडरचाही अतिरेक नको. जास्त झाला तर द्रावण ओघळून मातीत जातं, आणि मणी भरल्यावर वापरला तर मण्यावरचा पांढुरका मेणाचा थर पुसला जातो. व्यापारी आधी तोच बघतो.

जुन्या औषधांतलं बोर्डो मिश्रण मला अजूनही फार आवडतं. 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि साधारण तेवढाच चुना. फ्रान्समध्ये चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असं काहीतरी निळं शिंपडत. त्या वेलींना डाउनी येत नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते जाहीर केलं. ताजं कालवलेलं बोर्डो मऊ, बुळबुळीत, जेलीसारखं असतं. पानावर वाळलं की चार सरी पडल्या तरी हटत नाही. तेच दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं तर त्यातले कण मोठे आणि खरखरीत होतात, पानाला कमी बिलगतात आणि पावसाने धुऊन जातात. तांबं तेवढंच असतं. म्हणून आमच्याकडे कालवलेलं त्याच दिवशी संपवायचा दंडक आहे.

द्रवाशिवाय चिकटण्याची करामत पालीकडे आहे. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर सुमारे 5 लाख केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. ते इतके बारीक की भिंतीच्या दऱ्यांत थेट शिरतात. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये यातल्या एका केसाची ओढ मोजली. तिथे डिंकबिंक काही नाही, निव्वळ जवळीक. पण मला त्याहून मोठं वाटतं ते तिचं सुटणं. केसाचा कोन बदलला की पकड लगेच सुटते, म्हणून ती भिंतीवरून पळू शकते.

आपल्या शरीरातही हेच चालू आहे. पेशी पेशीला धरून ठेवणारी कॅडहेरिन नावाची प्रथिनं जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी उजेडात आणली. कॅल्शियम काढून घेतलं की त्यांची पकड ढिली पडते. जखमेकडे निघालेली पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला हलकेच धरत, सोडत, गडगडत जाते. घट्ट चिकटते ती नंतर, जागा सापडल्यावर. आणि अनेक कर्करोगांत पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, तेव्हाच त्या दुसरीकडे पसरायला मोकळ्या होतात. हे वाचलं तेव्हा आत्याचं दुखणं आठवून मी बराच वेळ बसून होतो.

वेलीच्या पेशींमध्ये कॅडहेरिन नसतं, पेक्टिन असतं. जॅम घट्ट होतो तोही त्याच्यामुळेच. डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन जातीच्या द्राक्षाची काडी भरतो तेव्हा दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना टेकलाच पाहिजे, म्हणून पट्टी आवळून बांधायची. मध्ये फट राहिली तर कलम वाळलंच समज. नीट टेकलं तर दोन्हीकडच्या नव्या पेशी पेक्टिनने जुळतात आणि काही आठवड्यांत आरपार रस वाहू लागतो. मणी देठाला धरून असतो तोही याच पेक्टिनवर, आणि त्यातल्या साखळ्या एकमेकींना बांधतं ते कॅल्शियमच. देठापाशी ते विरघळलं की मणीगळ. युरोपला जाणाऱ्या पेटीत सुटे मणी निघाले की भाव पडलाच, म्हणून घड वाढत असताना कॅल्शियम द्यायला मी कधी काचकूच करत नाही.

हे पाकीट टपालाने पाठवतोय. त्यावरचं तिकीट लेकीला पाण्याच्या वाफेवर धरून सोडवायला सांग, वाळलेला गोंद पुन्हा ओला होऊन कसा सुटतो ते बघू दे. आमच्या नाशिकरोडच्या छापखान्यात, 1925 साली सुरू झालेल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, टपाल तिकिटं छापतात हेही तिला सांग.

फेब्रुवारीत माल निघेल. त्याआधी सगळे मिळून या, जानेवारीत मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असतं. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. तिचा पुढचा प्रश्न तिलाच लिहून पाठवायला सांग.

तुझाच,
बागवाला मित्र