'गर्दीत उतर' हा सल्ला नवख्यांना देऊ नये

मा. संपादक,

बॅटल रॉयल खेळांबद्दल (विमानातून नकाशावर उतरून, बंदुका शोधून शेवटपर्यंत टिकून राहण्याचे मोबाइल-संगणकावरील खेळ) वर्तमानपत्रांत छापून येते ते बहुधा त्यांच्या नादाविषयी किंवा स्पर्धांच्या बक्षिसांविषयी. नव्याने खेळू लागलेल्याने सुधारावे कसे, हे मात्र ऐकीव सल्ल्यांवर सोडलेले आहे. त्यातला सर्वांत घातक सल्ला म्हणजे 'जिथे गर्दी तिथे उतर, लढून लढून हात बसेल'. त्याला विरोध म्हणून हे पत्र.

गर्दीच्या जागी बंदूक आधी कोणाला सापडते यावरच अर्धा निकाल लागतो. नवखा मिनिटभरात बाद होतो आणि पुन्हा लॉबी (सामना सुरू होण्याची वाट पाहण्याची जागा), पुन्हा विमान, पुन्हा पॅराशूट. तासाभरात प्रत्यक्ष लढाई किती मिनिटे झाली ते घड्याळ लावून मोजावे, आकडा बघून धक्का बसेल. हात बसवायला टीम डेथमॅच, म्हणजे दोन संघांची छोट्या मैदानातली सलग लढाई, आहे. तिथे मेलेला खेळाडू काही सेकंदांत परत उभा राहतो. रोज पंधरा मिनिटे तिथे घालवावीत आणि मुख्य सामन्यात शिकायचे ते वेगळे शिकावे: जागा, वेळ आणि आवाज.

आणखी एक फसगत आहे. पबजी मोबाइल, फोर्टनाइट यांसारख्या खेळांत सुरुवातीच्या सामन्यांत बरेचसे शत्रू संगणकाने चालवलेले बॉट असतात. ते उघड्यावर थांबून गोळ्या झाडतात, आडोसा घेत नाहीत. त्यांना टिपून आठ-दहा किल (शत्रू बाद) झाले की आपण तयार झालो असे वाटते. मग रँक चढते, बॉट कमी होतात आणि 'खेळच बिघडला' अशी तक्रार सुरू होते. खेळ तोच असतो, आता समोर माणसे आलेली असतात.

उतरण्याचे एक साधे गणित सांगतो. पबजीच्या एरँगल नकाशात मोठा चौकोन एक किलोमीटरचा असतो. विमानाच्या मार्गापासून साधारण पाऊण किलोमीटरवर असलेली मध्यम वस्ती निवडावी. ती आडव्या रेषेत येण्याच्या थोडे आधी उडी मारून तोंड खाली करून सूर मारावा, वेग ताशी 234 किलोमीटरवर जातो. लवकर उडी मारून तरंगत जाणारे मागे राहतात आणि दरवाजे उघडे, घरे रिकामी सापडतात. महिनाभर त्याच दोन-तीन वस्त्यांत उतरावे. घरे पाठ झाली की लूट, म्हणजे बंदुका-सामान गोळा करणे, पाच-सहा मिनिटांत आटोपते. नवखे नेमके इथेच अडकतात. आणखी एका चांगल्या स्कोपसाठी (बंदुकीवरच्या दुर्बिणीसाठी) घरामागून घर धुंडाळत बसतात आणि झोन (सुरक्षित वर्तुळ आकसताना मागून येणारी घातक सीमा) पाठीवर आला की उघड्या शेतातून पळताना मरतात. एक असॉल्ट रायफल, दीडशे-दोनशे गोळ्या, लेव्हल 2 चे हेल्मेट व जॅकेट, दोन स्मोक (धुराचे बॉम्ब) आणि औषधे एवढे जमले की निघावे.

औषधांबाबतचा गोंधळ तर सरसकट दिसतो. फर्स्ट एड किटला सहा सेकंद लागतात आणि तब्येत 100 पैकी 75 पर्यंतच भरते. मेड किटला आठ सेकंद लागतात आणि ती पूर्ण भरते. एक पेनकिलर 60 आणि एक एनर्जी ड्रिंक 40 असे धरले तर दोहोंत बूस्टची (जादा ताकदीची) पट्टी भरते. तब्येत हळूहळू वाढत राहते आणि पळण्याचा वेगही थोडा वाढतो. म्हणून हे दोन्ही लढाईच्या आधी, निवांत असताना घ्यावेत. शत्रू वीस पावलांवर असताना मेड किट लावायला बसणे म्हणजे आठ सेकंद हात बांधून उभे राहणे.

लांबून गोळी सुटते तेव्हा दोन आवाज येतात. आधी जवळून कडाड, मग दुरून दबका बार. कडाड गोळीचा असतो आणि दिशेबाबत फसवतो. बंदूक कुठे आहे ते दुसरा आवाज सांगतो. ब्लूटूथ इअरफोनवर हे सगळे उशिरा पोहोचते, साधा तारेचा इअरफोन त्यापेक्षा बरा. थर्ड पर्सनमध्ये, म्हणजे आपला खेळाडू मागून दिसतो त्या प्रकारात, कॅमेरा उजव्या खांद्यामागे असतो, म्हणून भिंतीच्या किंवा झाडाच्या उजव्या कडेने डोकावल्यास आपण कमी दिसतो आणि समोरचा जास्त. एकाच कडेने दोनदा डोकावू नये. दुसऱ्या वेळी समोरच्याची बंदूक तिथे रोखलेली असते.

सेन्सिटिव्हिटी (बोट सरकवल्यावर नजर किती वळते याचा आकडा) नामवंत खेळाडूची उचलू नये. त्याचा फोन, बोटे आणि पकड वेगळी असते. ट्रेनिंग मैदानात भिंतीकडे तोंड करून बोट एकदा सरकवावे. वळण 180 अंशांपेक्षा कमी पडले तर आकडा पाच टक्क्यांनी वाढवावा, जास्त झाले तर तेवढाच घटवावा. जमला की निदान दोन आठवडे हात लावू नये. रोज आकडे बदलणाऱ्याचा रिकॉइल (गोळी सुटताना बंदूक वर उसळणे) कधीच ताब्यात येत नाही, कारण बोट किती खाली ओढायचे हे हाताला पाठच होत नाही. भिंतीवर 30 गोळ्यांचा स्प्रे (सलग मारा) मारून छिद्रे कुठे चढतात ते पाहावे. शंभर मीटरपलीकडे स्प्रे सोडून तीन-चार गोळ्यांचे तुकडे करावेत.

ग्राफिक्स सर्वांत खाली आणि फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रे) फोनला झेपेल तितका वर ठेवावा. 30 फ्रेमला एक चित्र 33 मिलिसेकंद टिकते, 60 ला 17. फोन तापला की हा आकडा घसरतो आणि नेम चुकल्याचा दोष नाहक हाताला दिला जातो.

शेवटी एक वहीचे काम. प्रत्येक सामन्यानंतर एकच ओळ लिहावी: कुठे मेलो, गोळी कुठून आली, तेव्हा मी आडोशाला होतो का. वीस सामन्यांत बहुतेकांच्या वहीत 'उघड्यावर पळताना' आणि 'मेलेल्याची (सामान मागे राहिलेली) पेटी उघडली असता तिसऱ्या संघाने मारले' या दोनच ओळी पुन्हा पुन्हा येतात. पेटीजवळ जाण्याआधी दहा सेकंद आडोशाला थांबून बंदूक भरावी, चारी बाजूंनी कानोसा घ्यावा आणि पेटीच्या अंगावर स्मोक टाकूनच पुढे व्हावे.

आपला,
एक वाचक